शीग

यादीत लिहिलं होतं:
पुरुषाचा शर्ट, पांढरा, सुती, लांब बाह्यांचा,
मध्यम दर्जाचा, नवा.
झोम्बाच्या बाजारात तीन दिवस मी तो शोधला.
शर्ट होते, ढिगानं होते, परदेशच्या गाठोड्यांतून आलेले,
कुणाकुणाच्या मानेचा मळ कॉलरला घेऊन.
"नवा म्हणजे?" विकणारा म्हणाला,
"तुझ्या अंगात पहिल्यांदा चढला की नवाच की."
मी रकान्यात लिहिलं: उपलब्ध नाही.

तांदळाचं सोपं असेल असं वाटलं होतं.
एक किलो, पाकीटबंद.
पण चिल्वा सरोवराकाठी किलो कुणी विकत नाही.
एस्नाती नाम्वेरा ताटलीनं विकते,
काठोकाठ भरते, मग वर चिमूट चिमूट रचते
दाणे घरंगळू लागेपर्यंत,
आणि गिऱ्हाईक विधवा असेल तर घरंगळू लागल्यावरही.
मी काटा काढला. चारशे दहा ग्रॅम.
"आणि हिचं काय लिहिणार?"
तिनं शिगेकडे बोट दाखवलं.
ती वजनात आलीच, मी म्हटलं.
"ती त्यात येत नाही," एस्नाती म्हणाली. हसली नाही.

कचेरीत तिच्या क्वाचांचे डॉलर होतात.
साधे नव्हेत. हा डॉलर कुणाच्याच खिशात नसतो,
त्याच्यावर कुणाचा चेहरा नाही,
तो फक्त गणितात खर्च होतो.
त्या हिशेबानं एस्नाती गरीब नाही.
रेषेच्या वर आहे,
दोन टोमॅटोंइतकी.

फेब्रुवारीत मला औलूला पाठवलं, प्रशिक्षणाला.
समुद्र गोठलेला, लोक त्यावरून सायकलनं कामाला जात होते.
शेजारच्या टेबलावर राइली होती.
म्हणाली, आमची रेषा जमिनीत रोवलेली नसते.
गर्दीच्या बरोबर मधे जो उभा आहे
त्याच्याकडे बघून ती आखतात,
तो पुढे सरकला की तीही सरकते.
मग एका घराबद्दल सांगू लागली:
घर उबदार, धुण्याचं यंत्र, फडताळात राईचा पाव,
आणि एक मुलगा, ओस्सी,
ज्याला दर गुरुवारी ताप यायचा.
गुरुवारी शाळा बर्फावर घसरायला जायची.
ज्याच्याकडे स्केट नाहीत त्याला शाळा देई,
टाचेवर पिवळ्या रंगात नंबर घातलेले.

धुण्याचं यंत्र! मी हसलो,
माझ्या अख्ख्या यादीत ते चार घरांत होतं.
राइलीनं कॉफी ओतली, माझ्या कपात आधी.
"ओस्सी माझा भाऊ," म्हणाली.

रात्री खोलीत झोप येईना.
आठवलं, मामाच्या मयताला आई गेली नव्हती.
पोट दुखतंय म्हणाली होती.
तिच्याकडे न फाटलेलं चितेंजे नव्हतं,
आणि शेजारणीचं मागितलं असतं
तर त्याची नक्षी सगळ्या गावाला पाठ होती.
ताप आणि पोटदुखी. कुठल्या दरानं बदलू एकमेकांत?

सकाळी हे राइलीला सांगितलं.
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
मग म्हणाली, "नको. बरोबरी नको करू.
ओस्सी गुरुवारी घरी जेवत होता."
खरंच होतं. आमच्याकडेही फेब्रुवारीच होता,
कणग्या रिकाम्या असण्याचा महिना.

पुढच्या फेरीत पुन्हा चिल्वाला गेलो.
पाणी इतकं मागे हटलं होतं
की होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या.
एस्नातीनं ताटली भरली
आणि तळहात काठावरून फिरवला, सपाट,
भिंतीला गिलावा करावा तसा.
पुढे एक विधवा होती. तिच्याही ताटलीवरून.
काटा म्हणाला, तीनशे साठ.
भाव: मागच्याइतकाच.
मी दोन्ही लिहिलं. गणित त्याला महागाई म्हणेल,
आणि ते चूक नाही.

शेरा या रकान्यात जागा होती, अर्धी ओळ.
मी पेन टेकवलं.
एस्नाती हात झटकून माझ्याकडे बघत होती,
आता तरी लिहितोस का, अशी.